आवाजाची वायर

१

लॅपटॉपला टीव्ही जोडायचं खूळ सुवर्णाच्या डोक्यात शिरलं ते आबांच्या डोळ्यांपायी. नाहीतर तिच्या घरातला टीव्ही दोनच कामांचा होता. लाईट असेपर्यंत मालिका बघायच्या, आणि दुपारी तीनला लोडशेडिंग सुरू झालं की त्याच्या काळ्या काचेत बघून केस विंचरायचे.

ही २००७ सालची गोष्ट. शिरूरला, घोडनदीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला सुवर्णा आणि तिचा नवरा दत्ता दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होते. दत्ता रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. सुवर्णा सकाळी कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची आणि सव्वाच्या सुमारास घरी यायची. संक्रांतीपासून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आबा होते. आबा म्हणजे तिचे वडील, केंदूरचे मारुतराव. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणणारा हा गडी. पण बायको धुरपदा जाऊन दोन वर्षं झालेली, पोटी एवढी एकच लेक, आणि डोळ्यांत काचबिंदू. एकदा स्वतःच्याच मळ्यातल्या पाटात पडले, तेव्हा दत्तानं त्यांची पेटी उचलून जीपमध्ये ठेवली. असा जावई मिळायला नशीब लागतं, खोटं कशाला बोला.

काचबिंदू मोठा लबाड. तो कडेकडेनं खात येतो. मधे ताटाएवढं दिसतं, मग वाटीएवढं. आबांचा उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्याचं ऑपरेशन पुण्याला, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येणार नाही. आहे ते राखायचा प्रयत्न करू. पण राहीलच असं मी सांगत नाही."

चार दिवसांनी भाकरी मोडता मोडता आबा म्हणाले, "सुवर्णे, तुझ्या लग्नाची शीडी हाय का गं?"

"आहे की. का हो?"

"काय न्हाई. तुझ्या आईला येकडाव बघावं म्हनलं."

धुरपदाचा फोटो असा घरात नव्हताच. कॅमेरा दिसला की बाई पदर ओढून चुलीमागं. एक होता रेशनकार्डावर, तो पावसात भिजून नुसता डाग उरलेला. राहता राहिलं आठ वर्षांपूर्वीचं लग्नाचं शूटिंग. त्या सीडीवर ओरखडे उठले म्हणून सुवर्णानं ती कधीच लॅपटॉपात उतरवून घेतली होती. लॅपटॉप क्लासातला, जुना, निम्म्या किमतीत घेतलेला. तिनं तो आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी पडद्याला नाक टेकवलं, मान इकडं केली, तिकडं केली.

"ह्यात तर मुंग्या हायेत," ते म्हणाले, आणि हसून लॅपटॉप परत दिला. त्या हसण्याचं सुवर्णाला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

२

एसटी स्टँडच्या मागं महबूबभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि एका बारक्या गोल भोकावर बोट ठेवलं.

"हितनं चित्र निघतं ताई. ही वायर न्या. गोल टोक ह्यात, पिवळी पिन टीव्हीच्या पिवळ्यात. आन् येक सांगून ठेवतो, मागनं म्हनू नका की महबूबनं फसवलं. टीव्ही कडा कापतो. लॅपटॉपवर दिसतं त्याच्यापेक्षा जरा कमीच दिसणार."

"चालेल."

"टीव्ही कापतो, वाढवत न्हाई. ध्यानात ठेवा," ते म्हणाले. आणि ती पायरी उतरत असताना मागून ओरडले, "ती दुसरी वायर पण करून ठेवतो, आठवड्यानं या!" कसली दुसरी, हे विचारायला सुवर्णा थांबली नाही. तिची रिक्षा निघाली होती.

घरी येऊन तिनं पिन लावली, दोन बटणं एकदम दाबली. लॅपटॉपचा पडदा दोनदा मिचमिचला, टीव्ही निळा झाला, आणि त्यावर लॅपटॉपातलं सगळं जसंच्या तसं उमटलं.

"आरं तिच्या!" आबा खाटेवर उठून बसले. "पेटीतलं समदं टीव्हीत गेलं की!"

मग मांडव आला. झेंडूची तोरणं आली. तो झेंडू आबांच्याच मळ्यातला. आणि बायकांच्या घोळक्यात, हिरव्या लुगड्यात, हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर ठेवून बसलेली धुरपदा. बायका तिला गुदगुल्या केल्यासारख्या छळत होत्या, "नाव घ्या, विहीणबाई, नाव घ्या! आज सुटका न्हाई!" तिनं नको नको म्हटलं, पदर तोंडात धरला, आणि शेवटी खाली बघत म्हणाली,

"केंदूरच्या शिवारात झेंडूचा मळा,
लेक सासरी निघता दाटून येतो गळा…"

इथं शूटिंग संपतं. शूटिंगवाल्याला त्या क्षणी पंगतीचं घ्यायला कुणीतरी बोलावलं आणि तो कॅमेरा बंद करून निघून गेला. उखाण्याचं अर्धं राहिलं, आणि मुख्य ते नावच राहिलं. आबा त्या वेळी पंगतीत बुंदी वाढत होते. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं धुरपदा म्हणायची, आणि मानायचीही.

मग त्यांना जेवायला बोलवायचं कसं? त्यावर तिनं तोड काढली होती. बांधावर उभी राहून ती हाळी द्यायची, "सुवर्णेऽ!" तिकडं विहिरीवरून आबा म्हणायचे, "ओऽ!" आणि इकडं चिंचेखाली खेळणारी सुवर्णाही म्हणायची, "ओऽ!" पोर धापा टाकत यायची, तर आई हसायची. "तुला न्हाई गं, त्यास्नी." कधी खरंच पोरीचं काम असायचं, तर आबा हातातलं खुरपं टाकून हजर. "तुमास्नी न्हाई हो, तिला." हाक एक आणि ओ दोन, असं ते घर चाललं.

तर गळ्यापाशी शूटिंग संपलं. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. टीव्हीवर मात्र धुरपदा आणखी क्षणभर होती.

"डोळ्यांतल्या…" ती म्हणाली, आणि मग टीव्हीही काळा झाला.

सुवर्णानं आबांकडं पाहिलं. आबा डोळे पुसत होते. टीव्ही जरा मागं चालत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि ताटं उचलली.

३

आता रोज दुपारी तोच कार्यक्रम. सुवर्णा आली की दोघं जेवायची, मग आबा खाटेवर मांडी ठोकून बसायचे. "लाव तुझी आई," म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी धुरपदा म्हणाली, "डोळ्यांतल्या पाण्याचा…"

चौथ्या दिवशी, "डोळ्यांतल्या पाण्याचा कुणाला न्हाई ठाव…"

सुवर्णा काही अडाणी बाई नव्हती. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, माणूस चुकीचं बटण दाबतो, हे ती पोरांना रोज घसा खरवडून सांगायची. तिनं पिन काढून नुसत्या लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून ते शूटिंग आठ वेळा पाहिलं. आठही वेळा ते 'गळा'वर संपलं. दोन मिनिटं चौदा सेकंद, त्यापुढं काही नाही. पिन लावली की टीव्हीवर पुढं चालू. फाईलचं शेपूट खराब असेल, लॅपटॉप ते टाकून देत असेल आणि टीव्ही दाखवत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. समजावताना महबूबभाईंचं वाक्य आठवायचं नाही, याचीही काळजी घेतली.

"आबा, हे पुढचं आधी होतं का हो?"

"आसंल की. तू ध्यान दिलं नसशील."

आणखी एक होतं, ते तिनं आबांना विचारलं नाही. पहिल्या दिवशी आई खाली, मांडीवरच्या हातांकडं बघत होती. मग तिची हनुवटी वर आली. मग ती घोळक्यातल्या बायकांकडं बघेनाशी झाली. बायका हसत होत्या, टाळ्या पिटत होत्या, आणि ती त्यांच्या मधून हळूहळू तोंड फिरवत होती. आबांना मधलंच दिसायचं, कडेचं नाही. आणि तिचा चेहरा रोज थोडा थोडा मधे येत होता.

"आज लई सपष्ट दिसली," आबा म्हणायचे. "कपाळाचं गोंदान बी दिसलं."

त्यांना भाकरी गोड लागायला लागली होती. दाढी करून मागायला लागले होते. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना सुवर्णानं पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्यापायी ती बाकी सगळं गिळत होती.

४

आठवड्यानं ती बाजारातून येत असताना महबूबभाईंनी दुकानातूनच हात केला.

"ओ ताई! वायर कवाची करून ठेवलीय, न्यायला आला न्हाई?"

"कसली वायर?"

"आवाजाची."

सुवर्णा हसली. "आवाज येतोय की. चांगला खणखणीत येतोय टीव्हीतून."

महबूबभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "टीव्हीतनं? त्यो कसा येईल ताई? पिवळ्या पिनेतनं नुसतं चित्र जातं. आवाजाची वायर तर ही बघा, माझ्या हातात हाय." मग त्यांनीच तोड काढली. "लॅपटॉपचा येत आसंल. तुमाला वाटत आसंल टीव्हीतनं."

"हां, तसंच असेल," सुवर्णा म्हणाली. वायर पर्समध्ये टाकली आणि घरी आली.

चपला काढतानाच तिला आठवलं. क्लासात पोरांना त्रास नको म्हणून लॅपटॉपचा आवाज ती कायम बंद ठेवायची. हेडफोन लावला तरच चालू करायची, आणि काढला की परत बंद. तिनं पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्याच्या चित्रावर लाल फुली होती.

आबा वाटच बघत होते. तिनं पिन लावली. मांडव आला, तोरणं आली, बायका ओरडायला लागल्या, "नाव घ्या, नाव घ्या!" सुवर्णा टीव्हीजवळ गेली. आवाजाच्या जाळीवर तिनं तळहात ठेवला. जाळी थरथरत होती. आईचा आवाज तिच्या तळहातात येत होता, गरम गरम.

"…डोळ्यांतल्या पाण्याचा कुणाला न्हाई ठाव,
हाक मारते…"

"मधी नगं उभी ऱ्हाऊ गं," मागून आबा म्हणाले. "तुझी आई माझ्याकडं बघतीया."

५

त्या दिवशी सुवर्णाच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

उखाण्याचं पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. मराठी घरात जन्मलेल्या शेंबड्या पोरीलाही ते जुळवता येईल. 'ठाव'ला 'राव' जुळतं. हाक मारते, असं काहीतरी, असं काहीतरी, मारुतराव. दोन-तीन शब्दांचं अंतर राहिलं होतं.

आणि तिला आईचं दुसरं बोलणं आठवलं. लहानपणी दिवेलागणीला ओट्यावर बसवून, केसांना तेल चोपडता चोपडता धुरपदा सांगायची, "येकलीच हाक आली तर ओ द्याची न्हाई. गप ऱ्हायाचं. मानूस आसंल तर परत मारतंच." ओ दिली तर काय होतं, हे तिनं कधी सांगितलं नाही. सुवर्णानं विचारलं की ती नुसती वेणी घट्ट ओढायची.

आबांना जन्मभर जी एक हाक ऐकायची होती, ती आता टीव्हीतून चालत येत होती. ती आली तर हा माणूस गप बसणार होता का? अहो, बत्तीस वर्षं तो दुसऱ्याच्या नावाला ओ देत आला होता!

सुवर्णानं पिन उपटली आणि पिठाच्या डब्यामागं लपवली. वायर खराब झाली म्हणून आबांना सांगितलं. दत्ता शिफ्टवरून आल्यावर त्याला खरं ते सगळं सांगितलं. दत्तानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "क्लास, घर, म्हातारं माणूस, सगळं एकटीनं ओढतीस तू. ऑपरेशन होऊ दे, मग चार दिवस कुठंतरी जाऊ." चांगलाच माणूस, पण चांगल्या माणसाला सगळंच ऐकू येतं असं नाही.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. ऑपरेशन सोमवारवर आलेलं. सुवर्णा त्यांच्या पिशवीत टॉवेल, धोतर भरत होती.

"सुवर्णे," आबा म्हणाले, "वायर खराब न्हाई झाली."

सुवर्णा टॉवेलाची घडी परत घालत राहिली.

"मला कमी दिसतंय पोरी, कमी कळत न्हाई. नाव येतंय म्हनून भ्यालीस व्हय?"

सुवर्णा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मला आई नाही, तुम्ही तरी राहा, असं ती म्हणाली. पोरीसारखी हुंदके देऊन म्हणाली. आबांचा हात चाचपडत आला, तिच्या डोक्यावर बसला.

"आगं, सोमवारी काय व्हईल त्ये डाक्टरला बी ठाव न्हाई. उद्याच्याला ह्यो डोळा हाय. उद्याच्याला येकडाव बघू दी. म्या कवा काय मागितलं का तुला?"

खरंच होतं. या माणसानं कधी काही मागितलं नव्हतं. लेकीच्या घरी चहासुद्धा 'केला आसंल तर दी' म्हणून मागायचे.

"मग शब्द द्या मला," सुवर्णा म्हणाली. "नाव आलं, तर ओ द्यायची नाही. तोंडातून अक्षर काढायचं नाही."

आबा तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "माझ्या नावाला ओ देनार न्हाई. तुझी आन."

६

रविवारी दत्ता फर्स्ट शिफ्टला गेलेला. आबांनी अंघोळ करून धुतलेली टोपी घातली. बाराबंदीच्या बाह्या खाली ओढून बसले. लग्नाला निघाल्यासारखा म्हाताऱ्याचा तो थाट बघून सुवर्णाला हसू आलं.

लाईट जायला वीस मिनिटं होती. तिनं मुद्दामच तेवढा वेळ ठेवला होता. ती खाटेवर आबांना चिकटून बसली आणि उजवा हात त्यांच्या तोंडाजवळ धरला. वेळ आलीच तर दाबता यावं म्हणून. डाव्या हातानं शूटिंग सुरू केलं.

मांडव. तोरणं. हिरवं लुगडं. "नाव घ्या, विहीणबाई!"

"केंदूरच्या शिवारात झेंडूचा मळा,
लेक सासरी निघता दाटून येतो गळा…"

लॅपटॉप काळा झाला. टीव्ही चालू राहिला. घोळक्यातल्या बायका टाळ्या पिटत होत्या, पण टाळ्यांचा आवाज येत नव्हता. धुरपदानं तोंड पुरतं फिरवलं. कॅमेरा जिथं होता तिथं ती बघत नव्हती. ती खाटेकडं बघत होती. तिनं आधी आबांची टोपी पाहिली, मग त्यांच्या तोंडाजवळचा सुवर्णाचा हात पाहिला, आणि लेक दिसल्यावर आई जशी हसते तशी हसली.

"डोळ्यांतल्या पाण्याचा कुणाला न्हाई ठाव,
हाक मारते, ओ द्या आता…"

तिचे ओठ मिटले. 'म' म्हणायला ओठ मिटावेच लागतात. सुवर्णाचा तळहात आबांच्या तोंडावर गच्च बसला. आबांचा श्वास तिच्या बोटांवर येत होता.

ओठ तसेच मिटलेले राहिले. धुरपदानं पदराचं टोक दातांत धरलं, आणि अगदी बारीक, नाही म्हणून मान हलवली.

आणि लाईट गेली. वेळेच्या पाव तास आधीच गेली. पंखा घरघरत थांबला. टीव्हीच्या मधोमध एक ठिपका उरला, तोही विझला.

सुवर्णानं हात काढला. आबा हसत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"न्हाई घेतलं," ते म्हणाले. "बघितलंस का? आजून बी न्हाई घेतलं. माझं आयुष्य राखतीया येडी."

"दिसली ना नीट?"

"दिसली. पोट भरलं माझं."

सुवर्णाच्या अंगातून ताठलेलं सगळं एकदम सुटलं. ती हसली, रडली, आबांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. आपण उगाच भ्यालो, ती तर आपली आई होती, असं तिला वाटलं. मग तिनं स्वतःच्या हातानं टीव्हीची पिवळी पिन काढली, लॅपटॉप मिटला, टीव्हीचं बटणही भिंतीतून बंद केलं.

"चहा टाकते आबा."

"टाक. आज माझ्यासाठी म्हनून टाक."

७

आतल्या खोलीत तिनं स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. आलं किसायला घेतलं. बाहेर रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला. शेजारच्या शेवंताबाई नळाखाली बादली लावत होत्या. आपली रोजची दुपार. सुवर्णाच्या मनात उद्याच्या गाडीचा विचार होता. फायली घेतल्या का, दत्ताला रजा मिळाली असेल का.

"सुवर्णेऽ!"

बाहेरच्या खोलीतून हाक आली. बांधावरून यायची तशीच, 'णे'वर लांबवलेली, जेवण थंड होतंय म्हणून जरा वैतागलेली.

सुवर्णानं मागं वळूनही पाहिलं नाही. अशा हाकेला कोण वळून बघतं! किसणी हातातच, तोंड आपोआप उघडलं, ओठ गोल झाले. तीस वर्षांची सवय होती ती. रोज आबांचं नाव येणार, नाव येणार म्हणून ती जपत राहिली होती, आणि आईनं ते नाव जन्मात कधी हाकेला वापरलंच नव्हतं, हे त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं. पण ओ जिभेच्या टोकावर येऊन बसली होती.

तेवढ्यात बाहेरून आबा ओरडले. मळ्यातल्या विहिरीवरून ओरडायचे तसे, छातीतून, तरण्या गड्यासारखे.

"ओऽ! आलो गं, आलो!"

सुवर्णाची ओ घशातच राहिली. किसणी पडली. ती दारापर्यंत धावली.

"आबा! शब्द दिला होता तुम्ही!"

आबा खाटेच्या कडेला बसले होते. टोपी सरळ करत होते. तोंड टीव्हीकडं होतं.

"माझ्या नावाचा दिला व्हता," ते म्हणाले. मग तिच्या दिशेनं मान वळवून, अगदी मायेनं, लहान पोरीची समजूत काढावी तसं म्हणाले, "तुला न्हाई गं. मला हाय हाक."

हाक खरंच त्यांना होती, की तिचे उघडलेले ओठ त्यांना कसे कोण जाणे कळले आणि तिला वाचवायला ते आधी ओरडले, हे सुवर्णाला विचारायचं होतं. आबा पायानं खाटेखाली वहाणा चाचपत होते. वहाणा त्यांना कधीच पटकन सापडायच्या नाहीत. धुरपदा होती तोवर ती पायांपुढं आणून ठेवायची.

टीव्हीच्या काळ्या काचेत खोली दिसत होती, नेहमीसारखी, जरा वाकडी. खाट दिसत होती. आबांची पांढरी टोपी दिसत होती. दारात तोंडावर हात धरून उभी राहिलेली ती स्वतः दिसत होती. आणि दोघांच्या मधे, खाटेशी, हिरवं काहीतरी खाली वाकलेलं होतं.

सुवर्णानं काचेवरची नजर काढून खोलीत पाहिलं नाही. तिला धीर झाला नाही. तिनं फरशीवर चामडं घासल्याचा आवाज तेवढा ऐकला.

"गावल्या गं," आबा म्हणाले, आणि उठून उभे राहिले.